आठशेच्या नोंदी: सेल्फ, अर्थिंग आणि चेंबरमधलं पेट्रोल

गाडी: मारुती ८००, १९९७ ची, एमएच-०८. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, कार्बोरेटरवाली, चार गिअर. मुक्काम रत्नागिरीजवळ, खाडीपासून चालत दहा मिनिटांवर, पत्र्याच्या शेडमध्ये. बाबांनी गाडी घेतल्यापासून पेट्रोल-ऑइलचा हिशोब एका लाल वहीत ठेवलाय. त्याच वहीच्या मागच्या पानांपासून मी उलटं लिहायला सुरुवात करतोय.

१७ सप्टेंबर २०२३, रविवार

पुण्याहून रात्रीच्या बसने सकाळी पोचलो. चहा संपायच्या आत बाबांनी विषय काढला. सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) घेत नाही. वहीतल्या नोंदी अशा: एप्रिलमध्ये नवी बॅटरी, ३,९०० रुपये, जुनी बदल्यात दिली. जूनमध्ये सेल्फ उतरवून त्यातले झिजणारे कार्बन आणि बुश बदलले, १,४०० रुपये. जुलैच्या नोंदीत फक्त "धक्का" एवढंच, आणि पुढे तारखा. मोजल्या, अकरा आहेत. तीन महिने बाबा गाडी अंगणाच्या उतारावरच लावतायत, तोंड रस्त्याकडे करून. सत्तरीचा माणूस हॅंडब्रेक सोडतो, गाडी घरंगळली की दुसऱ्या गिअरला क्लच सोडतो.

किल्ली फिरवली. "टक", आणि डॅशबोर्डचे दिवे मंदावले. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा सेल्फ फिरला, पण जुना मिक्सर ओलं खोबरं वाटताना ओरडतो तसा, जड. इंजिन लागलं नाही.

मीटर लावला. बॅटरी १२.५ व्होल्ट. एप्रिलमध्ये ज्याने नवी बॅटरी विकली त्याने असा आकडा बघितलाच नसणार, आणि बघितला असेल तरी त्यावरून काही कळत नाही. नळ बंद असताना पाइपात प्रेशर पूर्णच असतं. पाइप चोंदलाय का ते नळ सोडल्यावर कळतं.

आज एवढंच. मखराचं काम आहे.

१८ सप्टेंबर, सोमवार (हरतालिका)

दुपारी दोन तास मिळाले. ठिणगी देणाऱ्या कॉइलची वायर काढून ठेवली म्हणजे इंजिन सुरू होणार नाही आणि सेल्फ नुसता फिरवता येईल. गाडी न्यूट्रलला, हॅंडब्रेक ओढलेला, पुढच्या-मागच्या चाकांना जांभ्याचे चिरे. किल्लीवर भाचा. त्याला सांगितलं, मी "हाण" म्हटलं की फिरवायची आणि पाच मोजून सोडायची. त्याला फार आवडलं हे काम.

चौथ्या "हाण"ला आई पडवीतून म्हणाली, "जळका वास येतोय रे. भात लागल्यासारखा."

मला वाटलं क्लच प्लेट किंवा सेल्फच. बॉनेटखाली सगळीकडे हात फिरवला. सेल्फ कोमट. बॅटरीचे क्लॅम्प थंड. आणि चोकची (थंड गाडी सुरू करताना ओढतात ती) केबल, जिथे ती फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि बैठकीमधल्या पत्र्यातून, आत येते, तिथे बोट टेकवेना इतकी गरम. वरचं काळं प्लॅस्टिक मऊ पडून चकाकत होतं. बाबा म्हणाले, उन्हाळ्यापासून चोक ओढायला जड जातो.

चोकच्या केबलचा विजेशी काय संबंध? तिच्यातून वीज जायलाच नको. पण सेल्फला लागणारी शंभराच्या आसपास अँपिअर ज्या वाटेने येते, त्याच मापाच्या वाटेने बॅटरीच्या मायनसला परत गेली पाहिजे. सेल्फचं कवच हाच त्याचा मायनस. तिथून गिअरबॉक्स, गिअरबॉक्सवरून जाड अर्थिंग केबल, मग बॅटरी. ती केबल नीट लागलेली नसेल तर वीज दुसरी वाट शोधते. इंजिनवरून कार्बोरेटर, कार्बोरेटरवरून चोकची तार, तारेवरून डॅशबोर्ड, तिथून बॉडी आणि बॉडीच्या बारीक वायरीने बॅटरी. म्हणजे उन्हाळ्यापासून आमचा सेल्फ चोकच्या तारेवर चालत होता.

आता मीटर लावायचा तो सेल्फ फिरत असतानाच, आणि बॅटरीपासून एकेक सांधा घेत. आकडे असे आले.

बॅटरीच्या दोन खुंटांत: १०.९ व्होल्ट. बरं आहे. साडेनऊच्या खाली गेली असती तर बॅटरीवर संशय घेतला असता.
सेल्फच्या जाड स्टडपासून त्याच्या कवचापर्यंत: ८.८५.

म्हणजे वाटेत दोन व्होल्ट गायब. कुठे?

प्लसच्या बाजूला, बॅटरीचा खुंट ते सेल्फचा स्टड: ०.३५. अर्ध्या व्होल्टच्या आत, चालतंय.
मायनसच्या बाजूला, सेल्फचं कवच ते बॅटरीचा खुंट: १.७. इथे पाव व्होल्टच्या वर काही दिसायला नको.

मायनसची बाजू तुकड्या-तुकड्याने मोजली. खुंट ते क्लॅम्प ०.०५. केबलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ०.२. आणि केबलच्या थिंबलपासून (टोकाला दाबलेली धातूची कडी) गिअरबॉक्सच्या धातूपर्यंत, म्हणजे जेमतेम दोन मिलिमीटर अंतर, १.४ व्होल्ट. शंभर अँपिअर धरले तर नुसत्या त्या एका बोल्टखाली १४० वॅट जळतायत. आमच्या माजघरातले दोन पंखे चालतील.

नवी बॅटरी, नवे कार्बन. बाबांना आकडे दाखवले. ते वही बंद करून म्हणाले, "म्हणजे पाच हजार तीनशे पाण्यात." पाण्यात असंच नाही, सेल्फचे बुश कधीतरी बदलायचेच होते. पण जुनी बॅटरी मात्र चांगली असूनच गेली, असं मला वाटतं. हे त्यांना बोललो नाही.

२० सप्टेंबर, बुधवार

काल गणपती बसले, पाना हातात घेतला नाही.

आज सकाळी आरतीनंतर. बॅटरीचा मायनस आधी काढला. (प्लस आधी काढताना पाना बॉडीला टेकला की ठिणगी, आणि बॅटरीच्या तोंडाशी ठिणगी नको.) गिअरबॉक्सवरचा अर्थिंगचा बोल्ट फिरेना. गंज सोडवणारं तेल मारून तासभर ठेवला, मग बारा नंबरच्या रिंग पान्याने करकर करत सुटला.

थिंबलची खालची बाजू शेवाळासारखी हिरवी. गिअरबॉक्सवर जिथे ती बसते तिथे पांढरी भुकटी, नखाने खरवडली तर रांगोळीसारखी पडली. तांब्याची थिंबल, ॲल्युमिनियमचं कवच आणि मधे खाडीवरची खारी हवा. तिन्ही एकत्र आल्यावर ॲल्युमिनियम झिजतं आणि त्याचं ऑक्साइड वीज जाऊ देत नाही. बोल्ट वरून घट्टच होता, म्हणूनच तीन मेकॅनिकांनी हलवून बघून सोडून दिलं असेल. हाताला घट्ट लागणं वेगळं.

केबलचं इन्सुलेशन थिंबलपाशी कापून बघितलं. आतल्या तारा इंचभर काळ्या. सगळी केबलच काढली. रत्नागिरीत बॅटरीच्या दुकानातून २५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वेल्डिंग केबल दीड मीटर घेतली आणि दोन्ही टोकांना थिंबल त्यांच्याच प्रेसवर दाबून घेतल्या. हातोडीने ठोकलेली थिंबल नको होती, तिच्यातच पुढची कटकट असते.

गिअरबॉक्सची जागा पॉलिश पेपरने पांढरीशुभ्र धातू दिसेपर्यंत घासली. थिंबल, दातेरी वायसर, बोल्ट. पेट्रोलियम जेली घट्ट केल्यानंतर वरून चोपडली. शिवाय इंजिनपासून बॉडीपर्यंत एक वेगळी पट्टी टाकली, बॉडीकडचा रंग खरवडून. कंपनीने दिलेली बॉडीची बारीक वायर आहेच, पण या हवेत एकावर भरवसा नको.

परत मोजलं. मायनसच्या बाजूला ०.१५. बॅटरीच्या खुंटांत आता १०.६, म्हणजे आधीपेक्षा कमी, आणि हे चांगलं लक्षण आहे, कारण सेल्फ आता पोटभर वीज ओढतोय. सेल्फपाशी १० व्होल्ट. इंजिन अर्ध्या सेकंदात लागलं. चोकची केबल गार.

भाचा म्हणाला, "मामा, आता हाण नाही म्हणायचं?"

२३ सप्टेंबर, शनिवार, रात्री

गौरी-गणपतींचं विसर्जन. आजीला आणि शेजारच्या काकूंना गाडीतून खाडीवर नेलं. जाताना झकास. आरती होईपर्यंत गाडी बंद करून उभी, इंजिन तापलेलं. परत निघताना किल्ली फिरवली तर नुसती "टिक". दिवे मंदावले नाहीत. दुसऱ्यांदा टिकही नाही.

मंडळाच्या पोरांनी "पुढच्या वर्षी लवकर या" म्हणत धक्का दिला. दोन म्हाताऱ्या आत हसत होत्या. मी हसलो नाही.

२४ सप्टेंबर, रविवार

हे दुखणं वेगळं. परवाचं "टक" जाड होतं आणि दिवे झोपत होते. कालचं "टिक" बारीक आणि दिवे तसेच. म्हणजे सेल्फच्या मोठ्या वाटेपर्यंत गोष्ट पोचतच नव्हती.

सेल्फवर दोन टोकं असतात. एक जाड, ज्यावर बॅटरीची केबल कायम असते. दुसरं पातळ, एस. किल्ली फिरवली की एसला १२ व्होल्ट येतात, सोलेनॉइडचा दांडा आत ओढला जातो, तो जाड संपर्क जुळवतो आणि गरारी पुढे ढकलतो. हा दांडा ओढायला क्षणभर वीस-पंचवीस अँपिअर लागतात. एकदा ओढला की धरून ठेवायला त्याच्या निम्म्याहूनही कमी पुरतात. आमच्या गाडीत ही सगळी वीज बॅटरीवरून डॅशबोर्डमागे किल्लीच्या स्विचपर्यंत जाते आणि तिथून परत सेल्फपर्यंत येते. मधे रिले (थोड्या विजेवर मोठी वीज चालू करणारा स्विच) नाही. स्विचमधले पितळी संपर्क २६ वर्षांचे.

मुद्दाम गाडी हातखंब्यापर्यंत नेऊन तापवून आणली. बंद केली, दहा मिनिटं थांबलो, किल्ली: टिक. बॅटरीचा प्लस ते सेल्फचा एस, भाच्याने किल्ली धरलेली असताना: ३.४ व्होल्ट. सोलेनॉइडला जेमतेम नऊ मिळतायत. इंजिन थंड असताना तेवढ्यावर भागत होतं. तापल्यावर तांब्याचा विरोध दर अंशाला ०.४ टक्क्याने वाढतो, म्हणजे ५० अंशांना पाचवा हिस्सा. वीज तेवढी कमी, ओढ कमी, दांडा अर्ध्यात अडकतो.

खात्री करायला न्यूट्रल तपासून बॅटरीच्या प्लसवरून एक सुटी वायर थेट एसला टेकवली. सेल्फ घोड्यासारखा उधळला.

रिले लावायचा ठरलं. त्यासाठी एसची वायर शोधताना बॅटरीमागे काळ्या टेपचा लिंबाएवढा गोळा सापडला. टेप उन्हाने चिकट झालेला, बोटांना काकवीसारखा लागत होता. उलगडला तर आत एसची वायर कधीतरी तुटून पिळून जोडलेली, सोल्डर नाही, थिंबल नाही. तिच्याच पोटात हॉर्नची एक वायर आणि एक लाल वायर जी कुठेच जात नाही. ती लाल वायर दोन्ही टोकांनी कापून काढली. अजून तरी गाडीचं काही बंद पडलेलं नाही.

रिले साधा चार पायांचा, ४० अँपिअरचा. जोडणी वहीत लिहून ठेवतो, पुढच्या माणसासाठी:

३०: बॅटरीच्या प्लसवरून, ३० अँपिअर फ्यूज मधे, ४ चौरस मिलिमीटर वायर. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत.
८७: सेल्फच्या एसला, तीच जाडी.
८६: किल्लीकडून आलेली जुनी वायर.
८५: बॉडीला अर्थ.

आता किल्लीच्या स्विचवर फक्त रिलेच्या कॉइलचा भार, अँपिअरचा सातवा हिस्सा. स्विचचे संपर्क आहेत तसेच राहिले तरी चालतील. रिले तोंड खाली करून लावलाय, पाणी साठू नये म्हणून. एसवरचं नुकसान ३.४ वरून ०.४ वर. गाडी तापवून सहा वेळा बंद-चालू केली. सहाही वेळा लागली.

संध्याकाळच्या बसने पुण्याला.

२१ ऑक्टोबर, शनिवार

दसऱ्याला जोडून सुट्टी. सेल्फची तक्रार महिनाभर नाही. बाबांनी गाडी आता शेडमध्ये तोंड आत करून लावलीय, उतारावर नाही.

आज ऑइल बदलायचं. वहीप्रमाणे शेवटचं फेब्रुवारी २०२२ मध्ये. डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढली आणि थांबलो. ऑइल वरच्या खुणेच्या बोटभर वर. दीड वर्षात कोणी ओतलेलं नाही. सप्टेंबरमध्येही मी डिपस्टिक काढली होती, "ऑइल भरपूर आहे" असं म्हणून परत घातली होती. तेव्हाच नाकाला लावायला हवी होती. आज लावली. पेट्रोल.

वर्तमानपत्रावर एक थेंब टाकला. मधे काळा ठिपका आणि भोवती झरझर पसरणारं फिकट वर्तुळ. नव्या ऑइलचा थेंब शेजारी टाकला, तो तिथेच बसून राहिला.

कारणं दोन असू शकतात. तीन महिने चोक ओढून सेल्फ मारत राहिल्याने न जळलेलं पेट्रोल सिलिंडरमधून खाली उतरलं असेल. पण त्याने थोडंसं वाढेल, बोटभर नाही. दुसरं, या गाडीचा पेट्रोल पंप यांत्रिक, हेडवर बसलेला, कॅमशाफ्टच्या टोल्यावर चालतो. जुने मेकॅनिक त्याला अजून एसी पंप म्हणतात. (भाचा: "मामा, आपल्या गाडीला एसी आहे?") आत रबरी पडदा असतो. पडदा फाटला की पेट्रोल कार्बोरेटरकडे जातंच, शिवाय थोडं इंजिनमध्ये गळतं आणि खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात, जमतं.

पंप उतरवला. खालच्या बाजूने पेट्रोलचे थेंब. पडद्याच्या कडेला चीर, वाकवल्यावरच दिसते, पापणीच्या केसाएवढी.

हे न बघता नुसतं ऑइल बदललं असतं तर महिन्याभरात नवं ऑइलही पातळ झालं असतं. पेट्रोल मिसळलेल्या ऑइलने बेअरिंग खातात, आणि चेंबरमधली पेट्रोलची वाफ हा वेगळाच धोका. पंप आणि त्याचं पॅकिंग दुकानात मिळालं. आठशेचं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं, पण सुटे भाग कोकणात अजून किराण्यासारखे मिळतात.

२२ ऑक्टोबर, रविवार

पंप बसवला. इंजिन मुद्दाम सुरू केलं नाही. ऑइल गरम करून काढावं, हे एरवी बरोबर, गाळ सोबत येतो. पण हे पेट्रोलवालं पाणी थंडही धो धो येणार होतं आणि पेट्रोलभरल्या चेंबरवर इंजिन चालवायचं नव्हतं.

जॅकने उचलून दोन्ही बाजूंना लोखंडी स्टँड लावले. शेजारचे आप्पा बघत होते, म्हणाले, "एवढं कशाला, दोन चिरे लाव की." चिरा चाकापुढे अडवायला ठीक. गाडीचं वजन त्यावर देऊन खाली झोपायचं नाही. जांभा भार आल्यावर न सांगता फुटतो, आणि ओला असेल तर लवकरच.

चेंबरच्या बोल्टच्या कडा गोल झालेल्या, पूर्वी कोणीतरी पकडीने फिरवला असणार. सहा कोनी बॉक्स पाना हातोडीने ठोकून बसवला, सुटला. ऑइल चहासारखं पातळ, काळं, बालदीत मोजलं तर ३.४ लिटर. फिल्टर हाताने सुटेना, चेन पाना लावला. नव्याच्या रबराला नवं ऑइल बोटाने चोळलं, हाताने पाऊण फेरा आवळला, पाना नाही. जुन्या फिल्टरचं रबर इंजिनला चिकटून राहिलेलं नाही ना, ते आधी बोट फिरवून बघितलं. दोन रबरं एकावर एक बसली की सगळं ऑइल रस्त्यावर.

बोल्टला नवीन तांब्याचा वायसर. बोल्ट पण नवाच. चेंबर पत्र्याचा आहे, आटे गेले तर पुढचं प्रकरण मोठं, म्हणून आवळताना हात आखडता घेतला.

ऑइल साधं २०डब्ल्यू-४०, तीन लिटरचा डबा. महागडं सिंथेटिक या इंजिनला आणि बाबांच्या महिन्याला दोनशे किलोमीटरला घालण्यात अर्थ नाही. अडीच लिटर ओतलं, एक मिनिट चालवलं, पाच मिनिटं थांबलो, डिपस्टिक बघत थोडं थोडं वाढवलं. डब्यात पाव लिटर उरलं.

आप्पांना जळकं ऑइल हवं होतं, गोठ्याच्या वाशांना वाळवी लागलीय. दरवर्षी ते कोणाकडून तरी घेतात. नाही म्हटलं. यात पेट्रोल आहे आणि गोठा विहिरीपासून वीस पावलांवर. तसंही वापरलेलं ऑइल २०१६ च्या नियमांत घातक कचऱ्यात मोडतं. आप्पा रुसले. डबा बंद करून गॅरेजच्या पिंपात ओतून आलो, तिथून पुनर्वापरवाले नेतात. वाटेत आप्पांसाठी वाळवीचं औषध घेतलं.

२४ ऑक्टोबर, मंगळवार (दसरा)

काल खंडेनवमीला पाटावर कोयता, पाने, आईची विळी यांच्या ओळीत मीटर ठेवला होता. आईने त्यालाही हळदकुंकू लावलं. डायलवर कुंकू गेलंय, व्होल्टचा आकडा आता पुसून वाचावा लागतो.

सकाळी थंड इंजिन, अर्धा चोक, एका दमात लागलं. डिपस्टिक दोन खुणांच्या मधे, वास ऑइलचाच. चेंबरखाली पुठ्ठा रात्रभर ठेवला होता, कोरडा. बॉनेटला झेंडूचा हार घातला. बाबांनी लाल वही मागून घेतली, ऑइलच्या रकान्यात तारीख आणि किलोमीटर स्वतः लिहिले: ७४,११८.

राहिलेलं: चोकची केबल बदलणे (वितळलेली, परत जात नाही). ५०० किलोमीटरला डिपस्टिक हुंगणे. हॉर्न रिव्हर्स गिअरमध्ये वाजत नाही, का ते बघणे. लाल वायर?